मीठ-मिऱ्याच्या ग्राइंडरचा सेट घेऊ का? (कूलरच्या हवेत टिकेल असा)

सांबारवडी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

मागच्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला नणंदेने लाकडी सेट दिला होता. एकात मीठ, एकात मिरे. दिसायला बुद्धिबळातल्या उंटांसारखे, टेबलावर छान शोभायचे. फेब्रुवारी-मार्च मजेत गेले. मग कूलर लागला आणि आठ-दहा दिवसांत मिठाच्या ग्राइंडरचं डोकं फिरेना. मी जोर लावला तर कर्रकन आवाज झाला आणि सासऱ्यांच्या उकडलेल्या अंड्यावर तपकिरी ओलसर चुरा पडला. गंज! सासरे शांतपणे म्हणाले, "सूनबाई, हे मीठ आहे की तपकीर?"

मिऱ्याचा चालतो, पण लहरी आहे. कधी नुसती धूळ पडते, कधी अख्खा अर्धा मिरा. त्यातून सासऱ्यांचं मनगट दुखतं, त्यांना ते डोकं फिरवणं जमतच नाही. आणि वरून घ्यायची सवय मात्र त्यांनाच! सकाळी अंडं, संध्याकाळी टमाट्याचं सूप, हिवाळ्यात संत्र्याच्या फोडींवरसुद्धा मीठ-मिरे.

बजेट दोन हजारांपर्यंत. स्टील की सिरॅमिक? हाताचा की बॅटरीचा? बर्डीवर एका दुकानात विचारलं तर "मॅडम, सब एक ही है" म्हणून तो फोनमध्ये डोकं घालून बसला.

---

लेथवाले काका

ताई, पहिले तर सेट घेऊच नका. सेट हा दुकानदाराच्या सोयीचा प्रकार आहे. मीठ आणि मिरे हे दोन वेगळे माल, दोघांना एकच हत्यार कसं चालेल?

हिंगणा एमआयडीसीत लेथवर ३१ वर्षं गेली माझी. आता घरात नवीन वस्तू आली का मी पहिले ती खोलतो. बायको बोलून राहते, मी खोलून राहतो. मुलीकडचा असाच एक गंजलेला ग्राइंडर माझ्याकडे आला होता. वरची गुंडी काढली, डोकं उचललं, मधून चौकोनी सळई निघाली. तळाचे तीन स्क्रू काढले. आत दोनच भाग असतात पहा. बाहेरून दात्यांची रिंग, ती जागची हलत नाही. मधे दातेरी शंकू, तो सळईबरोबर फिरतो. वरचे दाते मोठे, ते मिऱ्याला धरून फोडतात. खालचे बारीक, ते दळतात. रिंग आणि शंकूत फट किती, त्यावर पूड जाड का बारीक ते ठरते. गुंडी आवळली का बारीक, ढिली केली का जाड.

आता मटेरियल. मिऱ्याला साधं कार्बन स्टील चांगलं. त्याला धार काढता येते, मिरा कापला जातो. पण त्याच स्टीलवर मीठ आलं का गंज ठरलेला. मिठाला सिरॅमिक. ते गंजत नाही. पण तेवढी धार नसते, ते रगडतं. मिऱ्यालाही चालतं, जरा हळू. तुमच्या सेटमध्ये दोन्हीकडे तेच साधं स्टील टाकलेलं दिसते.

दुकानात "सिरॅमिक आहे" म्हणून पांढरं प्लास्टिकही गळ्यात मारतात. सोबत टाचणी न्या आणि दात्यावर दाबून ओढा. प्लास्टिकवर ओरखडा उठतो, सिरॅमिकवरून टाचणी घसरते. मी लोहचुंबकही नेतो. मिठाच्या ग्राइंडरच्या दात्याला चिकटला तर वस्तू परत ठेवतो. काही जातींच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो, म्हणून हे शंभर टक्के नाही. संशय घ्यायला पुरते.

तिसरी गोष्ट कोणी पाहत नाही. डोकं धरून आडवं हलवा. सळई डुगडुगली तर शंकू मधोमध बसत नाही. एका बाजूला फट जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. लेथवर आम्ही त्याला रनआउट म्हणतो. मग एकाच फेऱ्यात धूळही पडते आणि अर्धा मिराही. तुमचं दुखणं बहुतेक हेच. खिशात पंचवीसेक मिरे पुडीत बांधून न्या, पांढऱ्या कागदावर दहा फेरे मारा आणि पहा काय पडते ते. दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदला.

जाता जाता सांगतो. मोटारी करणारी फ्रान्सची प्यूजो आहे ना, ती मोटारींच्या कितीतरी आधीपासून ग्राइंडर करते. पहिले करवतीची पाती करायची, मग १८४० मध्ये कॉफीचा आणि १८७४ मध्ये टेबलावरचा मिऱ्याचा ग्राइंडर काढला. दात्यांचं काम आधीच हातात होतं. तिचा मिठाचा आणि मिऱ्याचा दाता वेगवेगळा येतो. तुमच्या बजेटात बसणार नाही, म्हणा. मीही एका ओळखीच्यांकडे फक्त हातात घेऊन पाहिला. खोलू दिला नाही त्यांनी.

---

पाटोडी

काकांच्या एक पाऊल पुढे जाऊन विचारते, मीठ ताजं दळायचंच कशाला? ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, म्हणून राहवत नाही.

मिरे ताजे दळायला कारण आहे. त्यांचा वास ज्या तेलांमुळे येतो ती उडून जाणारी असतात. दाणा अख्खा असतो तोवर ती आत कोंडलेली, फुटला की निघाली. तिखटपणा पायपरिन नावाच्या घटकाचा, तो मागे राहतो. म्हणून जुनी पूड नाकाला काहीच सांगत नाही, नुसती जिभेला झोंबते. मिठात उडून जाण्यासारखं आहे काय? आज दळा की दहा वर्षांनी, सोडियम क्लोराइड ते सोडियम क्लोराइडच. जाड कण दाताखाली कुरकुरीत लागतो, एवढाच फायदा. तो चिमटीनेही मिळतो.

आता तुमच्या कूलरचं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही पाणी ओढायला लागतं. जाड्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते ३३ टक्क्यांपासूनच ओढतं. मे महिन्यात नागपूरची बाहेरची हवा ठणठणीत कोरडी, पण आपण खिडकीत कूलर लावून खोलीत दिवसभर ओल सोडत असतो. टेबल कूलरच्या झोतात असेल तर विषयच संपला. आणि खरं सांगा, सूप उकळत असताना पातेल्यावर धरून ग्राइंडर फिरवता ना? ती वाफ सरळ दात्यांत जाते. ताटलीत दळून मग घाला.

भरलं काय होतं, जाडं मीठ की सैंधव?

सैंधव घ्याल तर पाकीट वाचून घ्या, बऱ्याचदा त्यात आयोडीन नसतं. आयोडीनच्या मिठात ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. स्वयंपाकाला तेच ठेवा, सैंधव फक्त वरून. आणि सासऱ्यांना बीपी असेल तर "सैंधव आहे, चालतं" असं नका समजू. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे एक छोटा चमचा. त्यात भाजी, लोणचं, पापड सगळं आलं.

---

तर्री मारके

एवढं कशाला बाप्पा? आमच्याकडे आजीचा पितळी खलबत्ता आहे. चार मिरे टाकले, दोन ठोके मारले, झालं. दातेही नाहीत अन् रनआउटही नाही.

फक्त सुपरमार्केटात काचेच्या बाटलीवर ग्राइंडरचं टोपण लावून मिरे विकतात, ते घेऊ नका. मी घेतला होता. दाते प्लास्टिकचे. बाटली अर्धी व्हायच्या आत ते झिजून गुळगुळीत झाले. झिजलेलं प्लास्टिक गेलं कुठे? माझ्या ऑम्लेटात.

अन् मिरे इतवारीत किराणा ओळीतून आणा, हातात घेऊन, निवडून. घरी आल्यावर ग्लासभर पाण्यात टाका. मिरे तळाला जातात, पपईच्या वाळक्या बिया वर तरंगतात. भरायच्या आधी मात्र खडखडीत वाळवा, नाहीतर काका रागावतील.

---

सांबारवडी

पाटोडी ताई, पकडलंत! जाडं मीठच होतं, लोणच्यासाठी आणलेलं. हातात घेतलं तर ओलसर लागायचंच ते. मला वाटलं ग्राइंडर म्हणजे जाडं मीठ, सोपा हिशेब. आणि हौ, पातेल्यावरच फिरवत होते.

म्हणजे मिठाचा ग्राइंडर रद्द. काका, मनगटाचं काय करू? बॅटरीचा बरा का?

---

लेथवाले काका

दोन रस्ते आहेत. एक, वर हँडल असलेला, जुन्या कॉफीच्या ग्राइंडरसारखा. दांडा जितका लांब, तितका जोर कमी लागतो. पण त्याला एका हाताने भांडं घट्ट धरून ठेवावं लागते, तेही मनगटावरच येते. म्हणून त्यांच्यासाठी बॅटरीचा पहा. त्यातही बटणाचा नको. बटण दाबून धरावं लागते, अंगठा दुखते. पालथा केला का आपोआप सुरू होतो आणि उभा केला का बंद, असा मिळतो. त्यात उभा ठेवल्यावर दाते वरच्या बाजूला येतात, वर झाकण बसते. त्यामुळे टेबलावर पूड सांडत नाही.

घेताना सेल टाकून हातात द्यायला लावा. रिकामा हलका वाटते, सेल आणि मिरे भरले का जड होतो. आणि पाण्याने कधीच धुवायचा नाही. आत तेलकट पूड बसली तर मूठभर कोरडे तांदूळ घालून फिरवा, ते पीठ फेकून द्या.

जुना मिऱ्याचा टाकू नका. खोलून पहा एकदा. माझ्यासाठी.

---

सांबारवडी

तीन आठवड्यांनी येऊन सांगते आहे.

सासऱ्यांनाच दुकानात नेलं, गोकुळपेठेत. टाचणी मी नेली होती, मिऱ्यांची पुडी त्यांनी खिशातून काढली. दुकानातला मुलगा आधी हसला, मग स्वतःच कागद आणून दिला. पहिल्या दोन "सिरॅमिक"वर टाचणीचा स्पष्ट ओरखडा उठला, तेव्हा त्याचंही हसणं थांबलं. तिसरा घेतला, पालथा करून चालणारा, ₹ ९५० ला. एकच, मिऱ्याचा. मीठ आता झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत असतं, आत चिमुकला चमचा. आयोडीनचंच. दिवसाचं वरचं मीठ सासरे त्या चमच्याने मोजून घेतात आणि मला दाखवून घेतात.

ग्राइंडर घर्र आवाज करतो, मुलगा त्याला आजोबांचं ड्रिल म्हणतो. काल संत्र्यावर जरा जास्तच ड्रिल झालं, आजोबांना चार शिंका आल्या. पण तपकीर म्हणाले नाहीत.

आणि काका, जुना खोलला. गुंडी, डोकं, सळई, तीन स्क्रू, सगळं तुम्ही लिहिलं तसंच. सळई सरळ होती, डुगडुगत नव्हती. शंकू आणि रिंगच्या मधे अर्धी लवंग आडवी अडकून बसली होती, म्हणून तो एका बाजूला कलला होता. ती काढली तर मिरे एकसारखे पडायला लागले. लवंग आत कोणी टाकली ते घरात कुणीच कबूल करत नाहीये.