जळगावला एलएलबी करावं का? प्रॅक्टिकल खरंच होतं की नुसतं जर्नल भरून घेतात?

अमळनेरकर_९८
नमस्कार मंडळी. बीकॉम झालंय, सध्या जळगाव एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये अकाउंट बघतो, अमळनेरहून सुरत लाइनच्या गाडीने रोज अप-डाऊन. सीईटी दिलीये, तीन वर्षांच्या एलएलबीला जळगाव नाहीतर धुळे मिळेल असं वाटतंय. मामा म्हणतात पुण्याला जा, इकडच्या कॉलेजात गाईड वाचायचं आणि पास व्हायचं एवढंच असतं. पुण्याची रूम आणि मेस परवडत नाही तो भाग वेगळा. मला कंपनी वगैरे नको, अमळनेर कोर्टातच बसायचंय. आमचा शेताच्या वाटणीचा दावा चालू आहे, वडील तारखेला जातात आणि येऊन सांगतात "पुढची तारीख दिली", का दिली ते त्यांनाही माहीत नसतं, तिथूनच हे डोक्यात बसलं. तर इकडे प्रॅक्टिकल खरंच होतं का? आणि नोकरी सांभाळून जमेल का?

निशाणी_५
भाऊ, जळगाव कोर्टात सहा वर्षं झाली, इकडूनच शिकलोय म्हणून खरं तेच सांगतो. कागदावर प्रॅक्टिकल सगळीकडे सारखंच, बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था) २००८ च्या नियमांत आहे. मूट कोर्ट (कॉलेजात लुटुपुटूचा खटला उभा करून युक्तिवाद करायचा) आणि इंटर्नशिपचा १०० मार्कांचा पेपर, त्यात तीन मूटचे ३०, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून बघायचा आणि लिहायचा त्याचे ३०, वकिलाकडे अशील काय सांगतो ते ऐकून आणि कागद कसे तयार होतात ते बघून डायरी लिहायची त्याचे ३०, तोंडी १०. पुण्यातही हेच आणि नंदुरबारलाही हेच.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐक. आमच्या बॅचमध्ये एका सीनियरचं जर्नल फिरत होतं, सगळ्यांनी तेच उतरवलं, मी पण, खोटं कशाला बोलू. तोंडीला बाहेरून आलेल्या वकीलसाहेबांनी सात-आठ जर्नलं उघडली, सगळ्यांत तोच खून खटला, तोच साक्षीदार, तीच तारीख. साहेबांनी मोबाइलवर कॅलेंडर काढलं आणि विचारलं, "या दिवशी रविवार होता, कोर्ट तुमच्यासाठी खास उघडलं होतं का?" मार्क मिळाले सगळ्यांना, पण त्यानंतर दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही.

खरं शिकलो ते सीनियरकडे बसून. पारोळ्याकडचे एक बाबा आले होते, सारखे एकच सांगत होते, "त्यानी मन्हा बांध कोरी टाका". सर म्हणाले, "दावा तू लिही." आता कोरला म्हणजे नांगराने की जेसीबीने, पूर्वेकडचा की उत्तरेकडचा, पेरणीआधी की नंतर, मोजणी झालीये का, गट नंबर कोणता, चतुःसीमेला कोण कोण, हे बाबांकडून अहिराणीत काढून घ्यायचं आणि कोर्टाच्या मराठीत "प्रतिवादीने वादीच्या मिळकतीत अतिक्रमण केले" असं बसवायचं. चार वेळा फाडायला लावलं सरांनी, एकदा तर मी वादाचं कारण केव्हा घडलं ती तारीखच विसरलो होतो. हे पुण्यात बसून येत नाही भो. अमळनेरलाच बसायचं असेल तर इकडेच शीक.

नोकरीचं म्हणशील तर हजेरी प्रत्येक विषयाला ७० टक्के लागते. आणि सनद (वकिलीचा परवाना) घेतल्यावर पूर्ण वेळ पगारी नोकरी चालतच नाही, हे आत्ताच घरी सांगून ठेव.

थर्ड_इयर_धुळे
मी सध्या शिकतेय म्हणून ताजं सांगते, सगळंच वाईट नाही, आमच्याकडे एक मॅडम आहेत त्या मूटला खरंच पिळून काढतात पण गंमत अशी की मूट इंग्रजीत, प्रॉब्लेम सुप्रीम कोर्टातला घटनेच्या कलम २१ चा, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात गेलो की सगळं मराठीत, पुकारा होतो, कोणीतरी मुदत अर्ज देतो, समोरचे वकील म्हणतात "से देतो", आम्ही तोंडाकडे बघत राहतो की हा से म्हणजे काय 😅 (अर्जावरचं म्हणणं हो, मला पण महिन्याने कळलं)

इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला कमीत कमी १२ आठवडे पाहिजे, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही, म्हणजे शेवटच्या वर्षाला एकदम उरकता येत नाही. मी पहिल्या वर्षी चेक बाऊन्सवाल्या वकिलांकडे केली, तुमचं अकाउंट आहे तर तुम्ही पण तिथूनच सुरू करा. बँकेचा मेमो हातात आला की ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते संपले की महिन्याभरात तक्रार. सरांनी मला पंधरा फाइली दिल्या आणि म्हणाले तारखा मोज. एका फाइलीत नोटीस ३४ व्या दिवशी गेलेली!! सर लगेच म्हणाले चेकची मुदत आहे का बघ, होती, मग परत बँकेत टाकायला सांगितला. ते मी वर्गात शिकले होते तरी तिथे पहिल्यांदा पोटात गोळा आला.

अमळनेरकर_९८
चेकचं ऐकून हसू आलं, आमच्या मिलमध्ये परत आलेल्या चेकचा गठ्ठा माझ्याच टेबलावर असतो आणि शेठ म्हणतात राहू दे, देईल तो. 😀 कॉलेजात विधी सेवा केंद्र (गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणारं) असतं म्हणतात, त्याचं काय?

शहाद्याची_ताई
ते कॉलेजवर अवलंबून आहे. काही ठिकाणी दारावर पाटी असते आणि आत मोडक्या खुर्च्या. पण चालवलं तर त्याच्यासारखं ट्रेनिंग नाही. मी शिकत असताना आम्ही अक्कलकुव्याकडच्या गावांत जायचो, वनहक्काचे दावे भरायला मदत करायचो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलाची जमीन कसत होता हे दाखवायचं असतं, आणि लोकांकडे कागद कुठून असणार. मग कळलं की नियमात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरलाय, फक्त तो माणूस स्वतः दावेदार नको. तर एक आजोबा ओट्यावर बसून पावरीत (तिकडची आदिवासी बोली) सांगायचे, त्यांचा नातू मराठीत आणायचा, मी लिहायचे. "त्या वर्षी" म्हणजे कुठलं वर्ष हे काढायला अर्धा तास, शेवटी सूनबाई कधी घरात आली त्यावरून लागलं. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा ते मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही, त्या ओट्याने शिकवलं.

आणि बाईला किंवा आदिवासी माणसाला फुकट वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. हे कोर्टाच्या आवारात उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. कॉलेजात गेलास तर पहिल्या आठवड्यात त्या केंद्राची किल्ली कोणाकडे असते ते विचार.

रिटायर्ड_शिरस्तेदार
मुलांनो, ३१ वर्षं कोर्टात काढली, वकिलांच्या तीन पिढ्या बघितल्या. नवीन पोरं येतात, गळ्यातला बँड नवीन, कोट नवीन, पण रोजनामा वाचता येत नाही. रोजनामा म्हणजे केसची डायरी, त्या दिवशी काय झालं आणि पुढची तारीख कशासाठी हे त्यात असतं. नाझर (कोर्टातला पैसा आणि समन्स बजावणी बघणारा) कोण, बेलीफ समन्स कसं बजावतो, नक्कल अर्ज कुठे द्यायचा, हे विचारायला पोरं लाजतात आणि मग चार वर्षं कारकुनावर अवलंबून राहतात.

अमळनेरकर, तुझ्या वडिलांच्या दाव्यापासूनच सुरू कर. त्यांच्याकडे सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असेल, १६ अक्षरं-आकड्यांचा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाक, मागच्या तारखांना काय झालं ते दिसेल. शेतजमिनीच्या वाटणीत हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाल्यावरही प्रत्यक्ष वाटप कलेक्टरकडे जातं, म्हणजे अजून लांब रस्ता आहे, तोपर्यंत तू वकील होशील 🙂

आणि जज्जाच्या परीक्षेचं डोक्यात असेल तर सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये तीन वर्षं वकिलीची अट परत आणलीये. पास झालास आणि लगेच खुर्चीत बसलास असं नाही.

अमळनेरकर_९८
काका, आज गाडीतच ॲप टाकलं. नंबर वडिलांच्या डायरीत सापडला. मागच्या पाच तारखांपैकी चार एकाच कारणासाठी, "प्रतिवादी क्र. ४ चे समन्स न बजावता परत, नवीन पत्ता द्यावा". क्र. ४ म्हणजे माझी आत्या, सुरतला उधन्यात राहते, तिने घर बदललंय. दिवाळीत तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे जेवून आलो!! पत्ता वडिलांच्या त्याच डायरीत, सीएनआर नंबरच्या मागच्या पानावर आहे.

पुढच्या तारखेला रजा टाकलीये, वकिलांकडे मीच जातो.