४२ डिग्रीत फोटोग्राफीसाठी ट्रेक: कधी निघू, काय नेऊ, काय घरीच ठेवू?

बूड_भाजलेला
मंडळी मदत हवीये. येत्या रविवारी आम्ही तिघं जण जंगलातून टेकडीवर जाणाऱ्या वाटेने जातोय, जाऊन-येऊन १२ किमी, आणि फोरकास्ट ४२ डिग्रीचा आहे. पुढे ढकला म्हणू नका, एकाची सुट्टी संपतेय. माझ्याकडे क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा, लांबचं जवळ आणणारी १००-४०० एमएम झूम लेन्स, एक साधी किट लेन्स आणि ट्रायपॉड. प्लॅन असा की ८ ला निघायचं, १२ पर्यंत माथ्यावर, तिथून समोरच्या कड्यावरचे शिकारी पक्षी टिपायचे. माणशी २ लिटर पाणी.
अजून एक, मागच्या उन्हाळ्यात अशाच दुपारी अडीचशे फोटो काढले आणि एक म्हणून शार्प नाही, शटर १/२००० सेकंद होता तरी. लेन्स गेली का माझी? सर्व्हिसला टाकू?

पाणवठा
लेन्स सर्व्हिसला टाकू नकोस, पैसे वाचव. तापलेल्या कातळावरून गरम हवा वर उठते, तिच्यात थंड-गरम थर मिसळतात, प्रत्येक थर प्रकाश जरा वेगळा वाकवतो आणि ४०० एमएमवर ते सगळं मोठं होऊन दिसतं. मृगजळ ज्याच्यामुळे दिसतं तोच प्रकार. शटर वाढवून हात हलल्याचं झाकता येतं, हवा हलल्याचं नाही. ऑटोफोकस पण गोंधळतो, म्हणून दहातले नऊ फोटो नऊ वेगवेगळ्या प्रकारे खराब. खात्री करायची असेल तर पहाटे १० मीटरवरच्या झाडाच्या सालीचा फोटो काढून बघ, शार्प आला तर लेन्स ठणठणीत.
उपाय एकच, अंतर कमी कर. नाहीतर वेळ बदल. माथ्यावर १२ ला पोचून समोरचा कडा टिपायचा हा प्लॅनच उलटा आहे रे. उजाडायच्या आधी निघा, ऊन कोवळं असताना कडा उरकून टाका, ९-९:३० नंतर ४०० एमएम लांबच्या गोष्टींकडे रोखूच नका. आणि थंडगार गाडीतून लेन्स काढून लगेच क्लिक करत सुटू नका, हूडमधली (लेन्सच्या पुढच्या नळकांड्यातली) हवा आणि बाहेरची हवा सारखी व्हायला थोडा वेळ लागतो, मी यात एकदा अख्खी सकाळ घालवलीये.

अर्धी_बाटली
फोटोचं नंतर बघू, २ लिटर पाणी वाचून मला घाम फुटला. उन्हात चढताना दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर धर. सहा तास असाल तर माणशी ५ लिटर लागेल, वाटेत भरायची सोय नसेल तर ते सगळं पाठीवर, म्हणजे आधी वाट छोटी करा. आणि घटाघटा तासाला दीड लिटरच्या वर पण नको, रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही घातकच. सोबत ओआरएसची पाकिटं ठेवा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजाने नाही.
माझा स्वतःचा किस्सा सांगते. मी चांगला प्रकाश आहे म्हणून एका खडकावर पाऊण तास पालथी पडून राहिले, सरड्यासाठी, आणि उठले तर डोकं गरगरलं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे. नशीब तेवढ्यावर भागलं. फोटोग्राफर लोकांचं हेच वाईट, आपण चालत नाही म्हणून आपल्याला वाटतं आपण दमत नाहीये. तिघांतलं कुणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या द्यायला लागलं तर तो थकवा समजू नका, उष्माघात आहे, घाम येत असला तरी. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मदतीला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

चतुर_नजर
+१ वरच्या दोघांना. पण दुपार फुकट जाते असं मात्र नाही हं. झाडी असलेला ओढा गाठा आणि तिथेच बसा. चतुर किडे बघा, कडक उन्हात शेपूट सरळ सूर्याकडे वर करून शीर्षासन केल्यासारखे बसतात, अंगावर कमी ऊन यावं म्हणून. समोरून काढलात तर नुसती काडी दिसेल, आडवे जाऊन काढा. ओल्या मातीवर फुलपाखरं क्षार शोषायला बसतात, त्यांची तिथे तंद्री लागलेली असते, लांबून सरपटत गेलात की जवळ जाऊ देतात. पक्षी चोच उघडी टाकून गळा थरथरवतात, ते गाणं नाही, त्यांना घाम येत नाही म्हणून तशी वाफ घालवतात. १००-४०० ला एक क्लोजअप फिल्टर (लेन्सच्या पुढे बसणारं भिंग) किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावली की हे सगळं होतं, अगदी जवळून टिपणारी नवी मॅक्रो लेन्स लागत नाही.
सीपीएल (पोलरायझर फिल्टर) असेल तर घ्या, पानांवरची चमक मारतो, दीडेक स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश खातो पण दुपारी प्रकाशाला काय तोटा.
एकच विनंती, घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला उडवू नका. या उन्हात आईबाप सावली धरून बसलेले असतात, ते उठले की अंडी भाजतात. आणि पाण्याला अगदी चिकटून बसू नका, तुमच्यामुळे जनावर तहानलेलं परत जाईल.

दोन_किलो_ट्रायपॉड
ट्रायपॉड न्यायलाच हवा, हातात धरून कुठे मॅक्रो होतं.

पाणवठा
दादा, त्याला आधीच ५ लिटर पाणी उचलायचंय. ट्रायपॉड घरी. दुपारी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० ला सुद्धा भरपूर शटर मिळतो, फार तर पाठीची बॅग खाली टेकवून तिच्यावर लेन्स ठेव.
कॅमेऱ्याचं राहिलंच. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये वापरायची मर्यादा ४० डिग्री दिलेली असते, त्यामुळे फिकट रंगाचा कपडा टाकून ठेव, व्हिडिओ लांबलचक नको, जादाची बॅटरी गाडीत सोडू नको. व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) वर करून कॅमेरा उन्हात ठेवू नकोस, ती भिंगासारखी ऊन गोळा करते आणि आतला डिस्प्ले जळतो. एकाचा जळलेला पाहिलाय, कायमचा पिवळा डाग.

बूड_भाजलेला
सगळ्यांना धन्यवाद, लेन्सला पण सॉरी म्हटलं. नवा प्लॅन: ४:४५ ला निघणार, ९ पर्यंत कडा, माथा रद्द, मग ओढ्यावर तळ आणि उतरायचं संध्याकाळी ऊन कलल्यावर. जाऊन-येऊन ७ किमीच होतंय. ट्रायपॉडवाल्या दादांची माफी मागतो. फक्त एक शंका, एक्स्टेन्शन ट्यूब लावल्यावर अनंतावर, म्हणजे अगदी लांबच्या गोष्टींवर, फोकस होत नाही ना? मग वाटेत अचानक काही दिसलं तर काढून परत लावायची?

चतुर_नजर
हो, होत नाही, काढावीच लागेल, आणि धुळीत काढू नकोस. त्यापेक्षा पुढे फिरवून लावायचा क्लोजअप फिल्टर घे, दोन सेकंदांत निघतो. तुझ्या लेन्सचा फिल्टर साइज टाक, बघते माझ्याकडचा बसतो का.

बूड_भाजलेला
७७.

चतुर_नजर
बसतो. शनिवारी घेऊन जा. चतुराचे फोटो इथे टाक म्हणजे झालं.