शब्दचर्चा : 'सुरक्षित मर्यादा' की 'अनुज्ञेय मर्यादा'?

प्रश्न :
चेंबूरच्या एका कारखान्यातल्या पाट्यांचं मराठी तपासतेय. बेंझिनच्या पंपाजवळच्या पाटीवर कुणीतरी लिहून ठेवलंय, 'सुरक्षित मर्यादा : १ पीपीएम' (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग). मूळ मजकूर अमेरिकेतल्या मुख्य कचेरीचा, त्यात 'परमिसिबल एक्स्पोजर लिमिट' आहे. शब्दाला शब्द ठेवला तर 'अनुज्ञेय उद्भासन मर्यादा' होतं (उद्भासन म्हणजे एक्स्पोजर, माणसाचा त्या पदार्थाशी येणारा संबंध). पंपावरचा माणूस हे वाचेल का? 'सुरक्षित'च राहू द्यावं असं वाटतंय.

कायद्याची भाषांतरं करणारा :
ताई, 'सुरक्षित' काढाच. अनुज्ञेय म्हणजे ज्याला अनुज्ञा, परवानगी देता येते ते. महापालिकेच्या अनुज्ञापन खात्यातला हाच धातू. परवानगी म्हटली की देणारा आला, आणि तो उद्या आकडा बदलूही शकतो. बेंझिनचंच बघा. अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीला १० पीपीएमची मर्यादा होती. १९७८ साली ती १ वर आणली, उद्योजक कोर्टात गेले, १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात नवा आकडा टिकला नाही, आणि १९८७ मध्ये पुन्हा १ ठरला. मधल्या वर्षांत बेंझिन तेच होतं, रक्ताचा कर्करोग करण्याचा त्याचा गुणही तोच. तुमच्या पाटीचा शब्द धरला, तर १९८६ साली १० पीपीएम सुरक्षित होतं म्हणायचं का?

गंमत म्हणजे १९८० च्या निकालात याच शब्दाचा कीस पाडलाय. सुरक्षित म्हणजे जोखीममुक्त नव्हे. गाडी चालवण्यात, शहरातली हवा श्वासात घेण्यातही धोका असतो, पण त्याला कुणी असुरक्षित म्हणत नाही, असा युक्तिवाद. (सायन सर्कलच्या सिग्नलला उभं राहून वाचावा.) कोर्टात हा अर्थ चालला. मराठीत मात्र 'सुरक्षित' वाचणारा 'आपल्याला काही होत नाही' असंच समजतो.

आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखाने अधिनियमात कलम ४१-फ आलं. इंग्रजी पाठात तिथेही 'परमिसिबल'च घातलं, 'सेफ' नव्हे.

निवृत्त ऑपरेटर :
'उद्भासन' तीस वर्षांत कानावर आलं नाही. आम्ही 'गॅस लागला' म्हणायचो. 'झळ' चालेल का? विस्तवाला हात न लावताही झळ लागतेच की.

कायद्याची भाषांतरं करणारा :
काका, शब्द झकास आहे, पण झळ लागली म्हणजे त्रास झालाच. इथे तो अजून व्हायचाय, कदाचित होणारही नाही. 'संपर्क' त्यातल्या त्यात बरा.

निवृत्त ऑपरेटर :
संपर्क म्हटलं की पोरं हातमोजे शोधतात! मोजणी कशी व्हायची सांगतो. कमरेच्या पट्ट्याला छोटा पंप, त्याची नळी कॉलरला अडकवलेली, नाकापासून वीतभर. दिवसभर तो घरघर करत बरोबर फिरायचा. टाकीजवळ किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, माणसाच्या नाकाशी किती येतं तेवढंच. म्हणून पाटीवर 'श्वास' हवा.

आणि वासावर जाऊ नका असं ठळक लिहा. अमोनियाची मर्यादा २५ पीपीएम, पण त्याच्या कितीतरी आधी तो नाकात शिरतो. बेंझिनचा गोडसर वास १ पीपीएमला बहुतेकांना येतच नाही. डबल ड्युटीचं काय लिहिलंय? आठ तासांचा आकडा सोळा तासांना कसा लावणार?

प्रश्नकर्ती :
डबलबद्दल काहीच नव्हतं. खालच्या ओळीत 'वेळभारित सरासरी' (किती वेळ किती प्रमाण होतं ते धरून काढलेली सरासरी) होतं, त्यावर इलेक्ट्रिशियनने विचारलं, 'कितीचा भार?' तेही काढलं. आता मसुदा असा :

'बेंझिन. श्वासातून जाणारं प्रमाण आठ तासांच्या सरासरीने १ पीपीएमच्या वर नको. वास नसला तरी बेंझिन असू शकतं. डबल करायच्या आधी सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारा.'

खाली बारीक अक्षरात 'अनुज्ञेय मर्यादा'. साहेबांना बाकी सगळं पटलं, फक्त 'नको' बोलीतलं वाटतंय. 'नसावे' करा म्हणतात. मी अजून केलेलं नाही.