मदत हवी आहे: जुन्या अमेरिकन रिळाचं साल कसं ओळखायचं? (तातडीचं)

उनाड_ओहायो: शेजारच्या आजींनी एक फिल्मचं रीळ दिलंय. आधी सैनिक, विमान, मग गावातली परेड. साल कोणतं ते शनिवारच्या आत कळायला हवं. कृपया 'गुगल करा' असं सांगू नका, करून झालंय.

घारूअण्णा: फिल्म किती रुंद? रंगीत की कृष्णधवल? पाहिली कशावर? फोटो टाका की राव.

उनाड_ओहायो: बोटाएवढी रुंद. सुरुवातीचा भाग खिडकीशी धरून भिंगातून पाहिला. कृष्णधवल आहे.

डोंबिवली_फास्ट: त्यात काय एवढं! प्रोजेक्टर भाड्याने आणा, भिंतीवर लावा, मोबाईलने शूट करा. आमच्या लग्नाची फिल्म मी अशीच उतरवली.

सुलभा_क: अजिबात नको!! जुनी फिल्म आकसते, छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांवर नीट बसत नाहीत आणि टराटरा फाटते. आधी डब्याचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर फिल्म कुजायला लागली आहे. मग थंड जागी ठेवा आणि लगेच स्कॅन करून घ्या.

डोंबिवली_फास्ट: आमची नाही फाटली.

सुलभा_क: तुमचं लग्न कधीचं?

डोंबिवली_फास्ट: ७८. त्याचा काय संबंध?

मधुकर_जोशी: सांभाळा, जुन्या फिल्म पेट घेतात!

सुलभा_क: काका, ती नायट्रेट, ३५ मिमीवाली. बोटाएवढी म्हणजे ही १६ मिमी. कोडॅकने १९२३मध्ये ती काढली तीच सेफ्टी फिल्मवर (सहज पेट न घेणाऱ्या), घरोघरी वापरायची म्हणून.

वकीलसाहेब: कॉपीराइटचं बघितलंत का? लष्कराच्या सिग्नल कोरने काढलेलं असेल तर ते सरकारी काम, कॉपीराइट नाही. त्यांचा मोठा साठा मेरीलँडच्या कॉलेज पार्कला, नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे. पण खासगी असेल तर यूट्यूबवर टाकण्याआधी वारसांची परवानगी घ्या.

उनाड_ओहायो: यूट्यूबवर टाकायचं म्हटलंय कुणी? आजींचा नव्वदावा वाढदिवस आहे. रीळ त्यांच्या यजमानांनी काढलेलं, ते आता नाहीत. आजींना साल आठवत नाही. कुणी सालाबद्दल बोलेल का?

घारूअण्णा: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं. विमानावर चिन्ह कसलं आहे?

उनाड_ओहायो: गोलात पांढरा तारा, दोन्ही बाजूंना आडवे पट्टे.

घारूअण्णा: झालं की काम! ताऱ्यात लाल ठिपका असता तर मे १९४२च्या आधीचं. पट्टे आले १९४३मध्ये. त्या पट्ट्यांत लाल रेघ आली जानेवारी १९४७मध्ये. कृष्णधवलमध्ये ती करडी दिसेल. नसेल तर ४३ ते ४७.

सुलभा_क: इतकं पक्कं धरू नका, हुकूम निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळी विमानं रंगवून झाली नसणार. परेडमध्ये झेंडा आहे का? तारे सरळ ओळींत की तिरके?

उनाड_ओहायो: सरळ, आठाच्या सहा ओळी. पण मागे ५७ची शेव्हरोले बेल एअर उभी आहे, लालभडक. ती गाडी मला कुठेही ओळखता येते.

घारूअण्णा: लालभडक?? कृष्णधवल म्हणालात ना?

उनाड_ओहायो: सैनिकांचा भाग कृष्णधवल. परेड रंगीत आहे.

घारूअण्णा: धन्य आहे.

सुलभा_क: मग हे दोन रिळांचे तुकडे जोडलेत. ४८ ताऱ्यांचा झेंडा ३ जुलै १९५९पर्यंत अधिकृत होता, नंतरही लोक जुनाच लावत असतील. परेड ५७-५९च्या आसपासची धरा. आता जोड शोधा आणि दोन्ही तुकड्यांची कड भिंगाखाली बघा. कोडॅक असेल तर कडेवर छापलेल्या 'सेफ्टी' शब्दाजवळ वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यावरून फिल्म कारखान्यात कधी बनली ते कळतं. खुणा दर वीस वर्षांनी परत येतात, पण ३७ की ५७ हा घोळ त्या गाडीमुळे होणार नाही.

मधुकर_जोशी: आमच्या लहानपणी थिएटरात सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची वार्तापत्रं असायची. पूर आला की मंत्र्यांचा हेलिकॉप्टरमधून दौरा. आम्ही मुद्दाम उशिरा शिरायचो.

वकीलसाहेब: आणि समोसा घेऊन!

उनाड_ओहायो: जोड सापडला. दोन्हीकडच्या खुणा वेगवेगळ्या आहेत, फोटो सुलभाताईंना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलेत. वास नाही. स्कॅनिंगवाला शुक्रवारी देतो म्हणालाय. केकवर काय लिहायचं ते बायको ठरवेल.

डोंबिवली_फास्ट: स्कॅनिंगला किती घेतले? प्रोजेक्टर स्वस्त पडला असता.