शत्रू अवघड असावा, पण न दिसता मारणारा असावा का?

कृष्णाकाठ, सांगली

परवा रात्री 'डार्क सोल्स' पुन्हा लावला. गेम २०११ चा, पण त्यातल्या अनोर लोंडो या नगरातले ते दोन तिरंदाज अजून तेवढाच संताप आणतात. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिंचोळी कड, पाऊल चुकलं की थेट खाली. वर दोन बाजूंना चांदीच्या चिलखतातले दोन सरदार आणि त्यांचे बाण भाल्याएवढे. ढाल धरली तरी धक्क्यानंच माणूस कडेवरून जातो. एकाकडे बघावं तर दुसऱ्याचा बाण बरगडीत.

अवघडपणाबद्दल माझी तक्रार नाही. 'सेकिरो' या गेममधला तलवारबाज शत्रू गेनिचिरो मला आठवडाभर पुरला. रोज हरत होतो, पण अन्याय झाला असं एकदाही वाटलं नाही. कारण तो वार करायच्या आधी सांगतो. खांदा मागे जातो, पाय रोवला जातो आणि नुसती तलवार आडवी धरून भागणार नसेल तर लाल अक्षर चमकतं. भोसकतोय की खालून झाडतोय, एवढं ओळखायचं काम माझं. भोसकलं तर पुढं होऊन पात्यावर पाय द्यायचा, खालून आला तर उडी. चुकलो तर चूक माझी.

लहानपणी वडील कुंडलच्या मैदानाला न्यायचे. मातीच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं नजर पैलवानाच्या पायावर ठेवायची आणि ढाक बसायच्या आधीच "गेला!" म्हणायची. डाव दिसतो म्हणून त्याला प्रतिडाव असतो. न दिसलेल्या बाणाला प्रतिडाव कुठून आणायचा?

गडवाटा, सातारा

दादा, गेनिचिरोबद्दल एकदम मान्य. तिरंदाजांबद्दल अजिबात नाही.

कुस्तीत जोड बघून लावतात, पंच उभा असतो. ती कड म्हणजे आखाडा नव्हे, किल्ल्याचा दरवाजा आहे. आपल्याकडचे गोमुखी दरवाजे आठवा. वाट मुद्दाम वळवलेली, दोन्ही अंगांना बुरूज आणि शेवटच्या वळणापर्यंत दरवाजा नजरेलाच पडत नाही. येणाऱ्यानं अरुंद जागेत दोन्हीकडून मार खावा, हाच बांधणाऱ्याचा हेतू. तिथं उभं राहिलं की पोटात जो गोळा येतो, तोच मला त्या कडेवर आला. अनोर लोंडो देवांचं नगर आहे, तिथं सहज शिरता आलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं.

शिवाय उत्तर तिथंच ठेवलंय. थांबू नका, ढाल विसरा, उजवीकडच्यावर सरळ धावत जा. जवळ गेलात की तो धनुष्य सोडून तलवार काढतो, आणि त्या कोपऱ्यात डावीकडच्याचा बाण पोचत नाही. म्हणजे दोघांशी लढायचंच नाही, एकाशीच लढायचं. हे कुणी सांगत नाही, पडून पडून कळतं. मला कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी खोलीत एकटाच उभा राहून ओरडलो होतो.

रात्री अकरानंतर, विटा

पोरं झोपल्यावर मला दीड तास मिळतो. तेवढ्यात पडून पडून शिकायचं म्हणजे महिना जातो. मला शत्रूपेक्षा मेल्यावरची पायपीट जास्त छळते. दोन मिनिटं धावायचं, वीस सेकंदांत मरायचं, परत धावायचं. त्यात शिकणं कुठंय?

आणि न दिसणाऱ्या वाराबद्दल कृष्णाकाठ दादांचं बरोबर आहे. 'गॉड ऑफ वॉर' (२०१८) बघा. कॅमेरा नायक क्रेटोसच्या खांद्याला चिकटलेला, पाठीमागचं काही दिसत नाही. म्हणून त्याच्याभोवती छोटे बाण दाखवलेत. मागून वार येत असला की बाण लाल होतो, लांबून काही फेकलं की जांभळा. वर त्याचा पोरगा ओरडून सावध करतो ते वेगळंच. तरी त्यातली सिग्रुन ही शत्रू सोपी झाली का? नाही झाली.

गडवाटा, सातारा

ताई, पायपिटीचं पटलं. पण वेळ नाही म्हणून अवघडपणाची लेव्हल कमी करायची म्हटलं तर तो शत्रू तो राहत नाही. 'सेकिरो'त लेव्हल निवडायची सोयच नाही, म्हणून तर गेनिचिरोबद्दल आपण सगळे एकच गोष्ट बोलू शकतो.

रात्री अकरानंतर, विटा

'जेडाय: फॉलन ऑर्डर'मध्ये लेव्हल निवडताना तीन गोष्टी समोर दिसतात: पॅरीला, म्हणजे नेमक्या क्षणी वार परतवायला, किती वेळ मिळणार, वार किती लागणार, शत्रू किती अंगावर येणार. मी खालची लेव्हल घेतली. दिवसभर शिलाई मशीनवर बसून माझं उजवं मनगट भरून येतं, त्या मनगटाला तेवढीच पॅरी जमते. तुम्हाला जेवढा घाम फुटला तेवढाच मलाही फुटला. ती लढाई मीही लढलेय.

मिरज जंक्शन

भांडायच्या आधी टीव्हीची सेटिंग बघा. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र जेमतेम १६.७ मिलिसेकंद टिकतं. चित्र छान दिसावं म्हणून टीव्ही त्यावर जी प्रक्रिया करतो त्यात अशी कैक चित्रं मागं पडतात, म्हणजे वार उशिरा दिसतो. टीव्हीचा गेम मोड लावला की ती प्रक्रिया कमी होते. मी वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

कृष्णाकाठ, सांगली

गडवाटा, काल तुमच्या वाटेनं गेलो. तिसऱ्या खेपेला उजवीकडचा पडला. दरवाज्याचा मुद्दाही मला आवडला, त्या जागेकडं मी तसं कधी पाहिलंच नव्हतं. तिरंदाजांबद्दलचा अर्धा राग मागं घेतो.

पण मग 'एल्डन रिंग'मधली मलेनिया? तिचा वार ढालीवर जरी बसला तरी तिची हेल्थ भरते. इतके तास गेमनं मला शिकवलं की घाबरलास तर ढाल धर. आणि शेवटी तीच ढाल तिला बरी करते. इथं किल्ल्याचा दाखला चालत नाही. वस्तादानंच शिकवलेल्या डावाला वस्तादानंच फाऊल द्यावा, असं झालं हे.

गडवाटा, सातारा

दादा, मला उलट वाटतं. ढालीमागं लपून सगळा गेम काढता येतो, ती सवय तिथं मोडते. आणि तिचा तोल लवकर जातो. जड हत्यार नीट बसलं की ती वार अर्धवट सोडून मागं सरकते, म्हणजे तिला बरं व्हायला वेळच द्यायचा नाही. लिहून पटणार नाही हे. शनिवारी साताऱ्याला या, माझा सेव्ह तिच्या दारातच आहे. ढाल न घेता दाखवतो.