विषय: जुना बॅक बॉयलर परत चालू करायचाय, प्लंबर हवा

निलेश (अ‍ॅथेनराय, आयर्लंड):
मंडळी, दिवाळीआधी काम उरकायचंय, म्हणून थेट विचारतो. बैठकीतल्या शेगडीमागचा, तिच्या जाळावर पाणी तापवणारा बॅक बॉयलर आधीच्या मालकांनी तोडून ठेवलाय. तेलावरचा नवा बसवला आणि मोकळे झाले. २०२५ च्या जानेवारीत एओविन वादळाने काय केलं ते सांगायला नको. टाकी तेलाने भरलेली आणि घर गारठलेलं, कारण बर्नरला वीज लागते. परत तसं नको. एक प्लंबर म्हणतो, हॉट प्रेसमध्ये (गरम पाण्याच्या टाकीचं कपाट) दोन पाइप जोडतो, मध्ये दोन व्हॉल्व्ह टाकतो, एका दिवसाचं काम. दुसरा बघून हसला आणि तेव्हापासून फोन उचलत नाही. तेलाच्या बॉयलरचा दाबाचा काटा दीड बारवर असतो, कुणाला उपयोगी पडलं तर. गॉलवेकडचा, फोन उचलणारा प्लंबर आहे का कुणाच्या ओळखीत?

प्रदीपकाका:
> काटा दीड बारवर असतो

निलेश, शेवटी लिहिलंस तेच सगळ्यात महत्त्वाचं. दीड बार म्हणजे तुझी सिस्टिम बंदिस्त आहे, आत पाणी दाबाखाली. लाकूड-कोळशाचा बॉयलर उघड्या, म्हणजे माळ्यावर खुली टाकी असलेल्या सिस्टिमवरच हवा. तेलाचा बॉयलर थर्मोस्टॅटने बंद होतो, पेटलेला कोळसा कुणाचं ऐकत नाही. पाणी उकळलं तर वाफेला बाहेर पडायला वाट हवी. बॉयलरपासून माळ्यावरच्या टाकीपर्यंत २२ मिलिमीटरचा पाइप, वाटेत एकही व्हॉल्व्ह नाही. टाकीसुद्धा उकळतं पाणी सोसणारी. तो एका दिवसवाला नेमका तिथेच व्हॉल्व्ह टाकणार आहे. त्याला नमस्कार कर.

आणि आधी हे बघ: जुने पाइप नुसते टोपण लावून बंद केलेत का? आत पाणी राहिलं असेल आणि वर जाळ केलास, तर तो बॉयलर नाही, बॉम्ब. माणसं मेली आहेत अशाने. खात्री होईपर्यंत शेगडीत काडीसुद्धा ओढू नकोस.

साधनाताई:
काकांचं वाचून आमच्या वाड्यातला बंब आठवला. त्याचं झाकण सैलच असायचं, पाणी उकळलं की खडखडायचं. कुणी गच्च दाबून बसवलं की आजी ओरडायची. तेच ना काका? आमचा तांबट आळीतला होता, तांब्याचा, आतून नळकांडं. आता तसे मिळतात म्हणे, पण दिवाणखान्यात शोभेला ठेवतात.

मंदार:
साधनाताई, बंब आमच्याकडे अजून वापरात आहे, इचलकरंजीला. शोभेचा नाही :-)

काका, तुम्ही जरा जास्तच घाबरवताय. माझ्या आधीच्या घरमालकाकडे कास्लबारला शेगडी आणि तेल दोन्ही एकाच पाइपांवर होतं, वर्षानुवर्षं. दोन व्हॉल्व्ह होते, हिवाळ्यात एक उघडायचा, एक लावायचा. काही झालं नाही. निलेश, माझं मत विचारशील तर हे सगळं सोडून हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र) घे, अनुदान मिळतं.

प्रदीपकाका:
मंदार, त्यांच्या माळ्यावर टाकी होती का? असणार. तिथली जुनी घरं सगळी उघड्या सिस्टिमची. तेलाचा बॉयलरही त्याच टाकीवर चालायचा, म्हणून जमून गेलं. आणि तरीही रात्री चुकीचा व्हॉल्व्ह लागला असता तर? रोजचं काम कुणाच्या तरी आठवणीवर सोडायचं नसतं.

हीट पंपलाही वीज लागते. २४ जानेवारीला ७ लाख ६८ हजार ग्राहकांची वीज गेली होती, त्यात हीट पंपवालेही होते.

मंदार:
मग शेगडीच्या पंपाला कुठली वीज मिळणार आहे? खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये पाणी फिरवायला पंप लागतोच. निलेशचा मूळ हेतूच फसतो. बोला.

प्रदीपकाका:
हा मुद्दा बरोबर आहे, आणि निलेशने यावर आधी विचार करायला हवा.

बंदिस्त आणि उघड्या सिस्टिमच्या मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर बसवतात. पाणी मिसळत नाही, उष्णता तेवढी पलीकडे जाते. छान चालतं, पण दोन्ही बाजूंना पंप लागतो. वीज गेली की तो नुसता पत्र्याचा ठोकळा. म्हणून वीज नसताना जे आपोआप फिरेल तेवढंच आपलं: गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार खाली उतरतं. त्यासाठी २८ मिलिमीटरचे दोन पाइप, पूर्ण वाटभर चढ, आणि वाटेत एक रेडिएटर, त्याला व्हॉल्व्हच नाही. जादाची उष्णता तिथे मुरते.

माझा सल्ला: दोन कॉइलचा सिलिंडर, म्हणजे आत नळ्यांची दोन वेगळी वेटोळी असलेली गरम पाण्याची टाकी घे. एक कॉइल शेगडीची, एक तेलाची. दोन्ही पाणी कधीच भेटत नाही. घरभरचे रेडिएटर तेलावरच राहू देत. वीज गेल्यावर बैठक उबदार, एक रेडिएटर गरम आणि अंघोळीला कढत पाणी. याहून जास्त हाव धरू नये.

वैशाली (कार्यकारिणी):
सर्वांना विनंती, ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. फराळाचे डबे किती, याला अजून चौघांनीच उत्तर दिलंय. बॉयलरची चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर करावी.

साधनाताई:
वैशाली, संक्रांतीला हॉलचं हीटिंग बंद होतं तेव्हा हळदीकुंकू कोट घालून केलं आपण. तेव्हा लिस्टवर हीच चर्चा चालली होती आणि तूच सुरू केली होतीस. राहू दे गं. माझे सहा डबे लिही.

निलेश:
काका, फोन न उचलणारा अचानक दारात उभा राहिला. त्याने शेगडीमागचा भाग उघडून दाखवला. पाइप भिंतीतच कापलेत, तोंडं उघडी, आत खडखडीत कोरडं. म्हणजे बॉम्ब नाही. पण बॉयलर आतून गंजलाय. दाब देऊन तपासल्याशिवाय पाणी भरणार नाही म्हणाला.

अडचण वेगळीच निघाली. घर बंगला आहे, वरचा मजला नाही. मूळचा हॉट प्रेस चिमणीच्या पाठीलाच होता. वाढीव खोली काढताना तो पॅसेजपलीकडे नेला. आता पाइप दारावरून चढवून परत खाली उतरवावे लागतील.

शेजारी टर्फ (बॉगमधून, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेलं जळण) देतो म्हणाले, ते घेतलेलं चालतं ना? २०२२ च्या जळणाच्या नियमांनंतर नक्की काय चालतं तेच कळत नाही.

साधनाताई:
टर्फ दुकानात किंवा ऑनलाइन विकता येत नाही. ज्यांचा बॉगवर हक्क आहे ते स्वतः जाळू शकतात, शेजाऱ्यालाही देतात. लाकूड विकत घेतलंस तर ओलावा २० टक्क्यांच्या आत असलेलंच बघ. ओल्या लाकडाने चिमणीत डांबर साचतं. आणि आधी चिमणीवाल्याला बोलाव, वर कावळ्यांचं घरटं असणार. आमच्याकडे पोतंभर काड्या निघाल्या होत्या.

प्रदीपकाका:
दारावरून चढवून खाली उतरवलेस तर काही फिरणार नाही. उंचवट्यावर हवा अडकते, पाणी तिथेच थांबतं आणि बॉयलर उकळत बसतो. तिथे पंप लावावा लागेल, म्हणजे मंदार म्हणाला तेच. एक तर सिलिंडर परत चिमणीच्या पाठीला आण, नाहीतर माळ्यावर आडवा बसव. माळ्यावर नेलास तर तुळया वजन पेलतील का ते सुताराला विचार. भरलेला सिलिंडर सहसा दीडशे किलोच्या खाली नसतो.

यापैकी काहीच जमत नसेल तर बॅक बॉयलरचा नाद सोड. कोरडाच राहू दे, पाइपांची तोंडं उघडी ठेव, आणि नुसती शेगडी पेटव. बैठक तेवढ्यानेही तापते. फक्त कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत लाव. फोटो पाठव, भिंतीच्या दोन्ही बाजूंचे.

मंदार:
काकांनी शेवटी माझंच म्हणणं मान्य केलं, नोंद घ्यावी. वैशाली, माझे चार डबे, चकली जास्त.

निलेश:
फोटो रात्री पाठवतो. मूळच्या जागी आता वॉशिंग मशीन आहे आणि ते हलवायला घरातून परवानगी मिळालेली नाही. माळ्याचं बघतो. ओळखीत सुतार आहे का कुणी? फोन उचलणारा.