शार्त्रच्या कॅथेड्रलची काजळी पुसायला नको होती

निळावंती
पॅरिसच्या नैऋत्येला बोस नावाचा गव्हाचा सपाट मुलूख आहे. आगगाडी शार्त्रजवळ आली की गावाच्या आधी शेतांवर कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसतात. एक 12 व्या शतकातला, साधा. दुसरा नक्षीदार, आधीचा मनोरा विजेने जळाल्यावर जाँ द बोसने 16 व्या शतकाच्या सुरुवातीला उभारलेला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत चक्क अंधार होता. चाचपडत दोनचार पावलं टाकली, डोळे सरावले, आणि त्या काळोखातून खिडक्यांचा निळा रंग हळूहळू वर आला. तसा निळा मी पुन्हा कुठेच पाहिलेला नाही.

2009 पासून आतल्या भिंतींची साफसफाई सुरू झाली. पुढे परत गेले, तर भिंती सायीसारख्या फिक्या. खिडक्या त्याच, पण भोवती उजेड असल्यामुळे निळा दबलेला. शतकानुशतकं लोकांनी लावलेल्या मेणबत्त्यांची काजळी हाही त्या वास्तूचा इतिहासच होता. तो पुसायचा अधिकार कुणाला होता?

चुनखडी
अजिबात पटलं नाही. काजळी सगळी भक्तांची नव्हे. त्यात 1836 साली छपराचं लाकूड जळालं त्या आगीचा धूर आहे, अलीकडच्या काळात इमारत गरम ठेवण्यासाठी जे जाळलं त्याचाही आहे. तिच्याखाली काय निघालं ते तुम्ही सांगितलंच नाही. 13 व्या शतकातला पिवळसर गिलावा, त्यावर पांढऱ्या रेघांनी रंगवलेले दगडांचे सांधे! 1194 च्या आगीत जुनं देऊळ बहुतेक बेचिराख झालं. येशूची आई मेरी हिचं वस्त्र, जे 876 मध्ये राजा शार्लने दिलं असं मानतात, तेही गेलं म्हणून लोक रडले. मग ते तळघरात सुखरूप सापडलं आणि त्याच उत्साहात मुख्य वास्तू जेमतेम तीस वर्षांत उभी राहिली. त्या गवंड्यांनी भिंती काळ्या केल्या नव्हत्या. त्यांचा हात आज दिसतोय, यात वाईट काय?

निळावंती
मग कुठल्या शतकावर थांबायचं? 18 व्या शतकातल्या धर्मगुरूंनाही उजेडच हवा होता. त्यांनी 1763 मध्ये वेदीपुढची कोरीव दगडी भिंत पाडली, वर काही रंगीत काचा काढून साध्या बसवल्या. त्यांनाही आपण सुधारणाच करतोय असं वाटत होतं. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलंय की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली मोलाची भर जपावी.

चुनखडी
भर! धूर ही भर नव्हे.

ओंजळ
भिंतींचं चुनखडी म्हणतात ते मला पटतं. पण खांबावरच्या मेरीचं काय? 16 व्या शतकातली लाकडी मूर्ती. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्याकडे ‘काळी माता’ म्हणून आले. नवस केले, खांबाला ओठ लावले. आता साफसफाईनंतर ती गोरी, गुलाबी गालांची. मूळ रंग तोच होता म्हणे. असेल. पण आजी ज्या चेहऱ्यापुढे रडली तो चेहरा नातीला दिसू नये, हे मला सहन होत नाही. तळघरातली जुनी मूर्ती फ्रेंच राज्यक्रांतीत 1793 ला जाळली, तेव्हा निदान जाळणारे शत्रू तरी होते.

चुनखडी
ओंजळ, मूर्तीबाबत तुमचं मान्य. तिथे हात लावण्याआधी येणाऱ्यांना विचारायला हवं होतं. भिंतींबाबत मात्र माझं मत तेच.

रानवाट
‘कुणीच हात न लावलेलं’ शार्त्र कधी नव्हतंच. 1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर त्या सगळ्या खिडक्या उतरवून दूर नेल्या होत्या. काचेचा तुकडा न्‌ तुकडा माणसांच्या हातातून गेलाय. ऑगस्ट 1944 मध्ये मनोऱ्यात जर्मन निरीक्षक असल्याचा संशय होता. वेलबॉर्न ग्रिफिथ नावाचा अमेरिकन कर्नल स्वतः आत जाऊन पाहून आला, कुणी नाही म्हणाला, म्हणून अमेरिकन तोफा थांबल्या. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावात तो मारला गेला. आणि याच शहरात जून 1940 मध्ये प्रीफेक्ट (म्हणजे सरकारने नेमलेला विभागप्रमुख) जाँ मूलाँने, फ्रेंच सैन्यातल्या सेनेगाली सैनिकांवर अत्याचाराचा खोटा आळ घेणाऱ्या जर्मनांच्या कागदावर सही करावी लागू नये म्हणून स्वतःचा गळा चिरून घेतला. तो वाचला आणि पुढे जर्मन ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकाराचा नेता झाला. शार्त्र म्हटलं की मला आधी ही माणसं आठवतात, भिंतीचा रंग नंतर.

निळावंती
रानवाट, ग्रिफिथबद्दल वाचून गलबलून आलं. पण खिडक्या उतरवल्या त्या वाचवायला, आणि होत्या तशाच परत बसवायला. भिंतींवर कुठलं संकट आलं होतं?

दक्षिणेकडे ‘बेल व्हेरिएर’ ही खिडकी आहे. तिच्यातली निळ्या वस्त्रातली मेरी 1194 च्या आगीतूनही वाचली. कुणी जाणार असाल तर दुपारी तिच्यासमोर थोडा वेळ उभे राहा, आणि निळा कसा दिसतो ते इथे येऊन लिहा. चुनखडी, तुम्हीसुद्धा.